दत्ताराममामाच्या हातातली पट्टी

मी एक जुना आजारी माणूस आहे. माझा आजार मात्र रोज नवा असतो. कधी ताप येतो, कधी पाय मोडतो, आणि वर्ग मोठा असला तर जेवणाच्या सुट्टीआधी मी चक्क मरतो. सुट्टीनंतर पुन्हा जिवंत होतो, कारण दुसरी तुकडी यायची असते.

मित्रांनो, घाबरू नका. मी रबर आणि प्लास्टिकचा पुतळा आहे. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकच्या बाजूला एक नर्सिंग कॉलेज आहे. तिथे मुलींना इंजेक्शन द्यायला, पट्टी बांधायला शिकवतात त्या खोलीला डेमो रूम म्हणतात. त्या खोलीतल्या खिडकीजवळच्या खाटेवर मी पडून असतो.

माझा जन्म कारखान्यातला. घडवणाऱ्या कारागिराने माझे ओठ अर्धवट उघडे ठेवले. नळी घालायला जागा हवी म्हणून, असं लोक सांगतात. मला विचाराल तर मी तेव्हा काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि तो मला तसाच टाकून गेला. ते वाक्य अजून माझ्या तोंडात अडकलेलं आहे.

इथे मी टेम्पोने आलो. घोडबंदर रस्त्यावर वरसावेच्या पुलाअलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. ड्रायव्हर हुशार. त्याने मला मागून काढून शेजारच्या सीटवर बसवलं, गळ्यापर्यंत चादर ओढली आणि खिडकीतून म्हणाला, "पेशंट है भाई, जाने दो." माझा चेहरा बघून ट्रक बाजूला झाले, रिक्षातल्या एका बाईने देवाला हात जोडले आणि हवालदाराने मला सलाम ठोकला. खोटं वाटत असेल तर पुलाला विचारा.

पहिली वर्षं कौतुकाची गेली. मुली मला पावडर लावत, चादरीचे कोपरे ताणून खोचत. परिचारिका दिनाला माझ्या गळ्यात हार असे. दत्ताराममामा हे नावही त्यांनीच ठेवलं. मग दंडावरची सुया टोचायची गादी चाळणी झाली. छातीतली स्प्रिंग कुरकुरू लागली. डावा गुडघा निखळला, तो चिंधीने बांधला. नवा आणायचं ठरलं आणि राहून गेलं. झोपून झोपून माणूस दमतो यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मी ठेवतो.

माझ्याइतकंच दमलेलं या खोलीत आणखी कोण असेल तर त्या वैजयंता मॅडम. त्या मुलींना शिकवतात. तुकडी मोठी, तास छोटा. त्यामुळे त्यांना एक सवय पडली होती. इंजेक्शनआधी पेशंटला नाव विचारायचं असतं. मॅडम माझ्यावर वाकून विचारत, "नाव काय? दत्ताराम. चला पुढे." प्रश्नही त्यांचाच, उत्तरही त्यांचंच. पुतळा थोडाच बोलणार? मुलीही तसंच शिकल्या. एका श्वासात नाव विचारायचं, त्याच श्वासात सांगून टाकायचं आणि सुई उचलायची.

त्यांतलीच एक इनेझ. उत्तनच्या कोळीवाड्यातली. बाप पास्कल बोटीवर जातो, आई बोंबील सुकवते. घराण्यात नर्स होऊ घातलेली ही पहिलीच. सकाळी उत्तनहून बस पकडून येताना मुलगी अर्धी झोपलेली असे, पण हात चांगले होते तिचे. माझ्या चिंधीबांधल्या गुडघ्याला उशी लावणारी ती एकटीच. मैत्रीण राजश्री तिला चिडवायची, "मामाचे एवढे लाड नको करू, उद्या सासऱ्याला काय ठेवशील?"

मग त्यांची तुकडी खऱ्या वॉर्डात कामाला जाऊ लागली आणि इनेझच्या हातून चुका झाल्या.

पहिली चूक पाण्याची. एका म्हाताऱ्याला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं होतं. त्याने तिच्याच गावच्या बोलीत घसा सुकल्याचं सांगितलं. उत्तनमध्ये दारात आलेल्याला आधी पाणी देतात आणि मग विचारतात कोण म्हणून. इनेझने अर्धा ग्लास पाणी दिलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. तिला ताकीद मिळाली.

दुसरी चूक मोठी होती. सीताराम नावाच्या पेशंटला इंजेक्शन द्यायचं होतं. पण सीतारामच्या खाटेवर पंखा थेट लागत होता, त्याला थंडी वाजत होती. शेजारच्याला उकडत होतं. दोघांनी आपसात खाटा बदलल्या आणि कुणाला सांगितलं नाही. इनेझ ट्रे घेऊन आली. वाकून म्हणाली, "नाव काय? सीताराम ना?" तिने ते एका श्वासात म्हटलं, माझ्यावर म्हणायची तसंच. ग्लानीतला माणूस मान हलवून मोकळा झाला. हातातली नावाची पट्टी चादरीखाली होती. चादर तिने उचलली नाही, आणि सीतारामचं इंजेक्शन शेजारच्याला गेलं.

त्या माणसाच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. डॉक्टर धावले म्हणून तो वाचला. संध्याकाळी तो उठून चहा मागत होता, पण तोवर कॉलेजात ठरत आलं होतं की इनेझला काढून टाकायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रिकाम्या डेमो रूममध्ये आली आणि माझ्या पायाशी बसली. रडली नाही. रडायलाही अंगात जोर लागतो.

"मामा," ती म्हणाली, "पप्पाला कसा सांगू? मना वाटतं मी हितं नकोच. मानूस मेला असता."

बराच वेळ ती माझा हात धरून बसली. मनगटावर बोटं फिरवत होती, जणू नाडी बघत होती. मग बोटं थांबली. तिने माझा हात उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. आणि उठून गेली.

प्रिन्सिपल मॅडमनी शेवटचा निर्णय घेण्याआधी तिला एकदा माझ्यावर इंजेक्शन देऊन दाखवायला सांगितलं. खाटेभोवती तिघी उभ्या राहिल्या: प्रिन्सिपल मॅडम, वैजयंता मॅडम आणि वॉर्डच्या मुख्य सिस्टर. मी आयुष्यात पुष्कळदा मेलोय, पण त्या दिवसाइतका कधी घाबरलो नव्हतो.

इनेझने हात धुतले. ट्रे मांडला. औषधाचं नाव वाचलं, सुई भरली, सगळं नीट. मग माझ्यावर वाकली.

"तुमचं नाव सांगता का, मामा?"

आणि ती थांबली.

वर पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणी भाजीवाला ओरडत गेला. इनेझ माझ्या तोंडाकडे बघत उभी. प्रिन्सिपल मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि तिला पुढे व्हायला सांगितलं.

"पेशंटने नाव सांगितलं नाही, मॅडम."

"अगं, डमी आहे तो. बोलणार कसा?"

"वॉर्डातला मानूसपण बोलला नव्हता," इनेझ म्हणाली. "मीच बोलले होते." तिने चादर उचलली, माझा हात वर धरला. "हातात पट्टी पण नाही. कोण आहेत हे मला माहीत नाही. मी इंजेक्शन देणार नाही." तिने सुई ट्रेमध्ये ठेवली. ट्रे वाजला.

प्रिन्सिपल मॅडम कडक आवाजात म्हणाल्या की हे नाटक इथे चालणार नाही, कौशल्य दाखवायला बोलावलंय, वाद घालायला नाही. इनेझने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं.

तेव्हा वैजयंता मॅडम खाटेच्या कडेवर बसल्या. उभं राहून पाय सुजले होते त्यांचे.

"हे माझ्याकडूनच शिकली ती," त्या म्हणाल्या. "दत्तारामचं नाव दर तासाला मीच सांगते. थांबायला वेळ कुठे असतो?"

आता मुख्य सिस्टर पुढे आल्या. त्यांनी इनेझला एवढंच विचारलं, की उद्या पुन्हा कुणी उपाशी पेशंटने पाणी मागितलं तर काय करशील. सोपं उत्तर इनेझला येत होतं. तिने ते दिलं नाही. "नाही म्हणायला मला जडच जाईल, सिस्टर. पण विचारून येते म्हणेन, आणि खरंच विचारून येईन."

तिला काढलं नाही. पण मित्रांनो, सोडलंही नाही. वॉर्डातलं सगळं काम तिला पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. राजश्री आणि बाकीच्या पुढच्या वर्षात गेल्या, ती मागच्या मुलींबरोबर बसली. पास्कल दोन दिवस घरात बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने तिच्या डब्यात तळलेला हलवा मासा घातला. तो वास डेमो रूमभर आला. मला भूक लागली, हे कुणाला पटणार नाही.

माझ्या हातात आता पट्टी आहे. चिकटपट्टीचीच, पण आहे. वैजयंता मॅडमनी नवा नियम केला. एक मुलगी माझ्या खाटेमागे लपून बसते आणि माझ्या वतीने बोलते. कधी खरं नाव सांगते, कधी मुद्दाम दुसरंच, कधी काहीच नाही. पुढची मुलगी थांबून पट्टी बघते की नाही, ते मॅडम पाहतात. इनेझचा आवाज मला सगळ्यात शोभतो. परवा एकीने घाईत विचारलं, "दत्ताराम ना?" तर खाटेमागून उत्तर आलं, "न्हाय गो बाय, मी पास्कल हाय." सगळा वर्ग हसला. वैजयंता मॅडमही हसल्या, बसल्या जागी, डोळे मिटून.

मी मात्र थकलोय. गुडघा अजून चिंधीतच आहे. तो बदला असं मी सांगत नाही. इतकी वर्षं निभावलं, पुढेही निभावेन. एवढंच मागतो. वॉर्डात असा की घरात, खाटेवर पडलेल्या माणसाला काही विचारलंत तर त्याचं उत्तर तुम्हीच देऊन मोकळे होऊ नका. एक श्वासभर थांबा. त्याचे ओठ हलायला वेळ लागतो.

माझे तर कारखान्यापासून उघडेच आहेत. त्या दिवशी इनेझ थांबली तेव्हा मी माझं नाव सांगितलं होतं, अगदी स्पष्ट. पंख्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही, एवढंच.