मतपत्रिकेवर गिरिजा सिद्दी

मी मतपेटी बोलतेय. बिबवेवाडीतल्या बायकांच्या मसाला सहकारी संस्थेची. दशरथ पत्रेवाल्याने मला घडवलं आणि हसत म्हणाला, "जा, आता पुढारी बघ!" पुढारी कुठले? माझ्या वाट्याला आलं कपाट आणि डोक्यावर धण्यांची पोती. संचालकांची निवड दर वेळी बिनविरोध व्हायची. नावं आधीच ठरलेली, मग टाळ्या आणि पेढे.

यंदा मात्र गिरिजा सिद्दी उभी राहिली.

गिरिजा इथे मिरची कांडते. काळीभोर, कुरळ्या केसांची. रस्त्यात कुणीतरी इंग्रजीतून देश विचारतं. ती मराठीत सांगते, "कर्नाटक, यल्लापूर. तुमचा?"

अध्यक्ष पूर्णिमाताई सभेत म्हणाल्या, "अहो गिरिजाबाई, कशाला उगाच निवडणूक? संचालकांच्या फोटोत तुम्हाला बघून लोकांना वाटेल, परदेशी पाहुणी आलीय."

दोघी-तिघी हसल्या.

"ताई, आम्हा सिद्दींच्या पूर्वजांना आफ्रिकेतून जहाजात घालून आणलं, विकलं," गिरिजा म्हणाली. "माझी लेक कॉलेजात वाचते. ती सांगते, अमेरिकेतही तेच झालं. पुढे तिथले दुकानदार काळ्या शेतकऱ्यांना माल देईनात, तेव्हा त्या शेतकऱ्यांनी आपल्या सहकारी संस्था काढल्या. मी तर इथली सभासदच आहे. मग उभी का राहू नको?"

सगळ्यांत जुन्या सभासद इंदुबाई उठल्या. पोती बाजूला सारून त्यांनी मला बाहेर काढलं, पदराने पुसलं. "होऊ दे मतदान."

मतदानाला हळदीने पिवळ्या झालेल्या बोटांच्या बायका आल्या. पूर्णिमाताईंची चिठ्ठी पडली, झाडलोट करणाऱ्या द्वारकाची पडली. आत गेल्यावर कुठली कुणाची, मलाही कळेना. मग गिरिजा आली. जिच्या माणसांची बाजारात बोली लागली, तिचं नाव माझ्या पोटात साठत होतं! पत्र्याच्या अंगावरही काटा येतो, हे मला तेव्हा कळलं.

गिरिजा निवडून आली. पूर्णिमाताईही आल्या. त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बसा गिरिजाबाई. फोटो काढायचाय."

आता मी खिडकीत असते. कडांना गंज चढलाय, त्याचं मला काही नाही. बायांनो, एकच मागणं आहे. माझं कुलूप सगळ्यांसमोर लावा आणि सगळ्यांसमोरच उघडा.