न उठवलेलं झाड

काल ग्रहण लागलं आणि आईनं माझ्या वर्षभराच्या कष्टांवर मुसळ चालवलं. खरोखरचं, लाकडाचं मुसळ.

बोगोरच्या प्रयोगशाळेतून द्रव नायट्रोजनचा थर्मास सांभाळत मी वोनोसोबोच्या चढावरच्या आमच्या घरी पोचले, तेव्हा ती अंगणात आलं सोलत होती. बाबांच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण उद्यावर आलं होतं.

"आलीस वेनिंग? सेंगॉनची झाडं उठवली बरं का काल. चांगली बडवून काढली."

मी थर्मास खाली ठेवला. ग्रहणात झोपून राहिलेलं झाड खुरटतं, म्हणून आमच्याकडे घरोघरी झाडांना बडवून जागं करतात. मी याच गावची मुलगी, आणि तारीख ठरवताना ग्रहण बघायचं मलाच सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!

खोड ठेचलं की आतली जखमेची जनुकं खडबडून जागी होतात आणि बाकीचं काही ऐकूच येत नाही. आमच्या सगळ्या सेंगॉनना गाठींचा रोग लागला, बांधावरच्या एकाला मात्र नाही. त्याची कोणती जनुकं कधी जागी असतात, हेच मी शोधत होते. दर तीन महिन्यांनी एक, असे तीन नमुने घेऊन झाले होते. चौथा आजच घ्यायचा होता, आधीच्या तिन्हींसारखा सकाळी दहाच्या आत. तो हुकला की वर्ष पाण्यात.

"अगं, निदान मला विचारायचं तरी!"

"ग्रहण काय तुला विचारून लागतं?"

"बांधावरचंही बडवलंस?"

आईचा हात थांबला. "नाही."

"का?"

"ते यांनी लावलेलं. रोज सकाळी त्याच्याशी बोलायचे. मुसळ उचललं, पण हात चालेना. जागं झालं असतं तर आधी त्यांच्याबद्दलच विचारलं असतं त्यानं. मी काय सांगणार होते?"

माझा नमुना वाचला होता. आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. बाबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. दुसऱ्याच दिवशी मी प्रयोगशाळेत परतले, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले. रडले नव्हते.

बांधावर गेले. आई मागोमाग आली.

"सांगून काप."

"आई, झाडाला कान नसतात."

"मग तू वर्षभर याच्या पोटात शिरून ऐकतेस ते काय?"

मी खोडावर हात ठेवला. "बाबा गेले," मी म्हणाले. मोठ्यानं, पहिल्यांदाच. आणि मग मला आवरेना. मला बाबा हवे होते. लवंगेच्या सिगारेटचा वास येणारा त्यांचा सदरा हवा होता, 'किती वाळलीस गं' हे हवं होतं.

दहाला दहा मिनिटं होती. डोळे पुसले, सालीची एक खिडकी काढली, आतलं ओलं लाकूड खरवडून नळीत भरलं. थर्मासचं झाकण आईनं धरलं. पांढरी वाफ तिच्या हातांवरून गेली.

"यातून कळतं ना, झाडाला काय काय जाणवलं ते?"

"बरंचसं."

"मग निकाल आला की फोन कर. त्याला त्यांची आठवण येते का, एवढंच सांग."

आईच्या असल्या समजुतींवरून मी आयुष्यभर तिच्याशी भांडत आले. असलं काही कुठल्या नळीत सापडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"सांगते," मी म्हणाले.