गाण्यातलं नाव

"बंद कर! काऊन बंद नाई करून राहिला बे?"

नवरीचे काका बकाराम मांडवातून हातवारे करत धावत आले, तेव्हा योगराज हसतच होता. त्याला वाटलं, गाणं रंगलं. हळदीला जमलेल्या बायकांनी कानांवर हात दाबले होते, एक तान्हं मूल तोंड वासून रडत होतं. योगराजला मात्र नुसता ठेका ऐकू येत होता. त्याच्या साथीदारानं, ओमेशनं, डीजेच्या गाडीवरून उडी मारली आणि माइकचं बटण खाली ओढलं.

"माइक शिट्टी मारून राहिला होता, भाऊ. अख्ख्या मांडवाले आइकू आला. तुले नाई आला?"

योगराजनं माइकची तार गुंडाळायला घेतली.

सडक अर्जुनीत, घरामागच्या खोलीत, जुन्या लॅपटॉपवर त्यानं धानाच्या रोवणीची गाणी वरातीतल्या धुमाळ बँडच्या ठेक्यावर बसवली होती. रोवणी करताना गाणाऱ्या शामकलाबाईचा आवाज धानाच्या बांधीत उभं राहून मोबाइलवर टिपलेला. सालेकशापासून देवरीपर्यंत वराती त्यावर नाचल्या. नागपूरची पोरं फोन करून विचारायची, हा ठेका बसवला कसा? पण त्याच ठेक्यासाठी तो वर्षानुवर्षं स्पीकरच्या भिंतीएवढ्या डब्यांजवळ उभा राहिला. आधी कानात रातकिडे किरकिरायला लागले. मग बाहेरचे बारीक आवाज एकेक करून गेले. पाखरं गेली, बांगड्या गेल्या, शामकलाबाईचा वरचा सूर गेला.

गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, "जो नस मर गई, वो वापस नहीं आती. ये काम छोड़ दो."

"सोडून करू काय?" त्यानं विचारलं ते दवाखान्याच्या जिन्यात, बायकोला, नीतूला. तेव्हापासून प्रत्येक नवं गाणं आधी ती ऐकायची. "इथं टोचून राहिला," म्हणायची, की तो तेवढं कमी करायचा. घरात असं निभावलं. मांडवात नीतू नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओमेश आला. पहिल्या लग्नापासून डबे उचलणारा, गाडी हाकणारा त्याचा जोडीदार. बाजेच्या काठावर बसून तो जमिनीकडं बघतच बोलला.

"भाऊ, आता गाडी तू चालव. मशीनवर मी बसतो."

"गाने त माहेच वाजतीन न?"

"वाजतीन. पन त्यातला तुहा नाव काढा लागंल. लोक म्हन्तेत, बहिऱ्या डीजेले कोन बलावन?"

योगराजनं नीतूकडं पाहिलं. त्याच्या प्रत्येक गाण्यात ठेका सुरू व्हायच्या आधी एका मुलीचा आवाज यायचा, 'डीजे योगराज, सडक अर्जुनी!' ती मुलगी नीतूच. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, दार लावून, हसू आवरत तिनं ते म्हटलं होतं.

"काढतो," तो म्हणाला.

ओमेश गेल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर आवाजाच्या रेघा दिसत होत्या, पण नीतू कुठं संपते आणि शामकलाबाई कुठं सुरू होते, ते त्याला कळेना. नीतू पदराला हात पुसत शेजारी येऊन बसली. तिनं हेडफोन लावला, ऐकलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"इथवरी मी आहो."

त्यानं तेवढं कापलं.

"साफ निघाला?"

तिनं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. नुसती होकाराची मान हलवली.

त्यानं पुढचं गाणं उघडलं.