एको काढून

धुकेकराने रेकॉर्डिस्टच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि मशीनपासून लांब, खिडकीत नेऊन ठेवला. आपण व्याख्या सांगत असताना समोरचा चहा पितो, हे त्याला खपत नसे.

"शूगेझमध्ये गिटारची भिंत असते," तो म्हणाला. "वाजवणारे माना खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत उभे, आणि गाणं त्या भिंतीत गाडलेलं. ड्रीम पॉप ही त्याची गोडगोड धाकटी बहीण, दुपारी झोपणाऱ्यांसाठी. आम्ही करतो ते इथीरियल. काळ्या, उदास गॉथिक रॉकच्या पोटातून आलेलं. त्यात बाईचा आवाज वाद्यासारखा वापरायचा. शब्द कळले की संपलं सगळं."

रेकॉर्डिस्टने मान डोलावली. त्याच्याकडे साबणाच्या जाहिराती करणारेही येत आणि पुढाऱ्यांची भाषणं ध्वनिमुद्रित करणारेही. मान डोलावायला त्याला काही पैसे पडत नव्हते.

धुकेकर हे त्याचं खरं नाव नव्हे. त्याच्या प्रत्येक गाण्यात धुकं असतं म्हणून मित्रांनी ते चिकटवलं होतं. त्यात थट्टा आहे हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो बापडा ते पदवीसारखं मिरवायचा. एका संगीतकोशाने या प्रकारांवरची नोंद त्याच्याकडे लिहायला दिल्यापासून तर तो माणसांत राहिला नव्हता. कुणाच्या घरी गाणं लागलं की हा बोट वर करून सगळ्यांना गप्प करी आणि ते कुठल्या खणात जातं ते सांगे. बहुतेक गाणी कचऱ्याच्या खणात जात. मध्यंतरी कॉलेजातली काही मुलं मोठ्या आदराने आपलं गाणं त्याला ऐकवायला आली, तर त्याने चार लोकांसमोर त्याला 'काळे कपडे घातलेला पॉप' ठरवलं. मुलं हिरमुसून गेली आणि हा आठवडाभर खुशीत होता.

काचेपलीकडे त्याची बायको हेडफोन चढवून उभी होती. लग्नाआधीपासून ती त्याच्या बँडमध्ये गात होती. परीक्षणांत तिचा उल्लेख 'तो आवाज' असा होई. गाण्यातले शब्द तीच लिही, पण ते आजवर कुणी मागितले नव्हते, नवऱ्याने तर नाहीच. ती तोंडाला येतील ती अक्षरं आळवते, असं तो बिनदिक्कत सांगत असे. कोशाच्या नोंदीत त्याने त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचं उदाहरण दिलं होतं आणि लिहिलं होतं की, या आवाजातलं दुःख कुणाचंच नाही, म्हणून ते इतकं निर्मळ आहे. हे वाक्य लोक एकमेकांना ऐकवत. तोही ऐकवायचा.

आणि आता याच गाण्यावरून ती अडून बसली होती. नव्या संग्रहात ते घ्यायचं तर एकदा आवाजावरचा एको, तो सगळा घुमारा, काढून गाईन, नाहीतर यापुढे गाणारच नाही, असं तिने घरी कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं. तो आधी हसला. मग त्याने तिला प्रकारांची सगळी उतरंड पुन्हा समजावली. मग दोन दिवस तोंड फुगवून बसला. ती बधली नाही.

"मी काय म्हणते ते एकदा ऐकून घे," एवढंच ती म्हणाली होती. "मग त्यावर हवं ते घाल."

तिच्याशिवाय संग्रह निघणार नव्हता. म्हणून तो कबूल झाला, तेही तिला धडा शिकवायचा म्हणून. एको काढला की तिच्या आवाजाचं काय उरतं, हे एकदा तिचं तिलाच कळू दे, असं त्याने वाटेत रेकॉर्डिस्टला फोन करून सांगून ठेवलं होतं.

रेकॉर्डिस्टने बोटाने खूण केली. ती गायला लागली.

आवाज कोरडा होता, किंचित घोगरा, अगदी जवळचा. धुकेकराने रेकॉर्डिस्टकडे बघून भुवई उडवली. बघितलंस ना, असं त्याला म्हणायचं होतं. ते ओठावर आलं आणि तिथेच थांबलं.

"बाबा, फोन आला तेव्हा मी गाडीत बसले होते," ती गात होती. "हा म्हणाला, कार्यक्रम झाला की जाऊ. हा म्हणाला, आज बघ तुझा आवाज कसा लागतो. लागला, बाबा. लोक रडले. मी पोचले तेव्हा तुमची खोली आवरलेली होती."

तेवढंच पुन्हा पुन्हा, चाल बदलत. धुकेकराला तो कार्यक्रम आठवत होता. त्या दिवसापासून त्यांचं नाव झालं. सभागृह आठवत होतं, निळा प्रकाश आठवत होता. सासरे त्याच सुमारास गेले, एवढंही आठवत होतं. त्यानंतर हे गाणं त्याने प्रत्येक स्टेजवर तिच्या शेजारी उभं राहून वाजवलं होतं, डोळे मिटून, आणि खाली उतरल्यावर तिला सांगितलं होतं की आज मस्त अमूर्त झालं.

गाणं संपलं. तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि काचेतून बघत राहिली. शेवटी रेकॉर्डिस्टनेच बटण दाबून सांगितलं, "झालं, ताई. छान आलंय."

ती बाहेर आली. खुर्चीवरची पर्स घेतली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, जिंकल्याचा आनंदही नव्हता. फार दिवस तुंबलेलं काम हातावेगळं झालेल्या बाईसारखी ती दिसत होती.

"आता घाल एको," ती त्याला म्हणाली आणि जिना उतरून गेली.

धुकेकराने घसा खाकरला.

"एको घाल," तो म्हणाला. "स्टेजवर असतो तेवढा."

रेकॉर्डिस्टने घातला आणि गाणं पहिल्यापासून लावलं. धुकं पसरलं. आवाज लांब गेला, उंच गेला, लोकांना माहीत होता तसा झाला. धुकेकर डोळे मिटून पुढे वाकला. बाबा, फोन आला तेव्हा. हा म्हणाला. पुन्हा, हा म्हणाला. त्याने डोळे उघडून रेकॉर्डिस्टकडे बघितलं. यालाही ऐकू येतंय का, हे त्याला विचारायचं होतं. रेकॉर्डिस्ट पडद्याकडे बघत होता.

"अजून," धुकेकर म्हणाला.

एको वाढला. गाणं पार विरघळल्यासारखं झालं आणि त्यातून ती खोलीची ओळ आली, अक्षर न् अक्षर स्वच्छ.

"अजून वाढव."

रेकॉर्डिस्टने बटणावरचा हात काढून घेतला.

"एवढाच असतो, सर," तो म्हणाला.