दाबलेला पिस्टन

वहिनींनी जुनी गाडी धाकट्या दिराच्या गॅरेजच्या दारात उभी केली. मागच्या सीटवर बाबा दिसले आणि धाकट्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हा आनंद काही चांगल्यातला नव्हता. सहा वर्षं तो याच दिवसाची वाट बघत होता.

"भावजी, मागून करकर आवाज येतो, हँडब्रेकही धरत नाही. यांना सांगितलं तर म्हणतात, गेल्याच महिन्यात मी केलंय ना काम! आज बाबांना डॉक्टरांकडे नेलं होतं, म्हणून तिथून गाडी परस्पर इकडे आणली."

बाबा काठी टेकत उतरले आणि खुर्चीवर पाठ फिरवून बसले. धाकट्याशी त्यांनी सहा वर्षांत अवाक्षर काढलं नव्हतं. तिघे एकाच गॅरेजात राबत होते तेव्हा एक गाडी हँडब्रेक लावलेली असूनही सुटली आणि बाबांच्या पायावरून गेली. तसल्या गाडीच्या मागच्या ब्रेकला नवे पॅड घालताना त्यांना रेटणारा पिस्टन दाबायचा नसतो, हत्यारानं फिरवत फिरवत आत बसवायचा असतो. दाबला की आतली हँडब्रेकची यंत्रणा कामातून जाते. थोरल्या भावाच्या अंगी धीर म्हणून नाही. त्यानं क्लॅम्प लावून दाबला, आणि नाव घेतलं धाकट्याचं. चोर सोडून संन्याशाला फाशी! धाकट्याला अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडावं लागलं.

गाडी जॅकवर चढली. चाक निघालं, पिस्टन ज्यात बसतो तो कॅलिपर सुटला. पिस्टन अडकून महिन्याभरातच पॅड झिजले होते आणि लोखंडाला लोखंड लागलं होतं, डिस्कवर चरे पडले होते. डिस्क गंजून घट्ट बसलेली. धाकट्यानं हातोडा घेतला आणि थोरल्याचं टाळकं समजून चार घाव घातले. डिस्क निघाली. मग त्यानं पिस्टन पुसला. त्याच्या तोंडावर क्लॅम्पचा गोल वण उठला होता. मूळ स्वभाव जाईना!

त्यानं तो कॅलिपर तसाच नेऊन बाबांच्या मांडीवर ठेवला. धोतराला काळं ग्रीस लागलं. लागू दे, त्याला वाटलं.

बाबांनी वणावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"ओळखलंत का?" धाकटा म्हणाला. "की अजूनही माझाच हात दिसतोय?"

"तेव्हाही ओळखलं होतं," बाबा म्हणाले. "दवाखान्यातून आल्यावर त्या गाडीचा कॅलिपर मी स्वतः खोलून पाहिला होता."

वहिनींच्या हातातली पिशवी खाली पडली.

"मग मला का काढलंत?"

"त्याला दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं. तू कुठंही पोट भरशील, हे मला माहीत होतं."

धाकट्याला वाटलं, हातोडा परत उचलावा. सहा वर्षं तो भलत्याच माणसावर दात खात होता.

"वहिनी, दादाला फोन लावा. बाबा, जे मला सांगितलंत ते त्यालाही सांगा, माझ्यासमोर. तोवर ही गाडी जॅकवरून उतरणार नाही."

वहिनींनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बाबांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "पाप तुझं होतं आणि झाकलं मी. भोगलं यानं." पलीकडे थोरला रडू लागला. धाकट्यानं ते रडणं शेवटपर्यंत ऐकलं, आणि त्याला फार बरं वाटलं.

मग त्यानं काम पुरं केलं. नव्या डिस्कवरचं तेल पुसलं, दुसरा कॅलिपर बसवला, पिस्टन फिरवत फिरवत नव्या पॅडपुरता आत घातला. मागचं दुसरं चाकही खोलून तिथंही तसंच केलं. कुठं घाई नाही, कुठं कसर नाही.

बाबा उठून त्याच्याजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते.

"घरी चल रे."

धाकट्यानं हात पुसले आणि त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं.

"पुढच्या चाकांचे पॅड अजून वर्षभर चालतील," तो म्हणाला. "झिजले की या."