तुकोजींनी वजा केलेले पौंड

मी डॉक्टर गुंडोरावांचा वजनकाटा बोलतोय. बोलतोय म्हणजे, गेली बारा वर्षं बोलतोच आहे; ऐकून घेणारा कोणी भेटत नव्हता, एवढंच.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. खाली उभं राहायला लोखंडी फळी, वर पितळी दांडी आणि तिच्यावर सरकणारं वजन. बाहेर पडताना मला पन्नास वेळा तपासलं होतं. त्रेपन्न साली मद्रासला आलो आणि नुंगंबाक्कम भागातल्या गुंडोरावांच्या दवाखान्यात, पडद्यामागे उभा राहिलो. पडदा का? तर लोकांना वजनाची लाज वाटते म्हणून. तिथेच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

दवाखान्याच्या मागेच घर होतं. तिथे डॉक्टरांची मोठी बहीण सईबाई राहत. सगळे त्यांना अक्का म्हणत. अक्कांचं शरीर लहानपणापासून जड. गुडघे दुखायचे, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. एका नावाजलेल्या डॉक्टरांनी त्यांना तपासलंसुद्धा नाही. खुर्चीतूनच हसत म्हणाले, जेवण कमी करा. अक्का तेव्हा एकवेळच जेवत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी देवळात जाणंही सोडलं. गुंडोरावांना ते फार लागलं. जाडेपणाकडे आजार म्हणून बघणारे डॉक्टर एकत्र आणायचे, असं त्यांनी मनावर घेतलं.

त्यांनी साठ पत्रं लिहिली. उत्तरं आली चार. त्यातल्या एकात लिहिलं होतं, हा आजार नसून घरात खायला-प्यायला मुबलक असल्याची खूण आहे. तरी जे थोडे आले त्यांचं मंडळ झालं आणि दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी त्याची बैठक भरू लागली. आणि बैठकीची सुरुवात कशानं? तुपानं थबथबलेल्या केसरीनं, म्हणजे इकडच्या गोड शिऱ्यानं. मग तळलेले बोंडे, मग कॉफी, मग स्थूलतेवर चर्चा. मी पडद्याआडून हे सगळं ऐकायचो. पाच वर्षांत त्यातला एकही डॉक्टर माझ्यावर चढला नाही.

पण गुंडोराव चिकट माणूस. अठ्ठावन्न सालापर्यंत त्यांनी नऊ दवाखाने गळाला लावले. सगळीकडे एकच आहार, रोजचं चालणं आणि दरमहा वजन. दीड वर्षाचे आकडे जमवायचे आणि राज्यातल्या डॉक्टरांच्या वार्षिक परिषदेत मांडायचे, असं ठरलं. परिषदेनं अर्धा तास दिला. त्यात पटलं तर या विषयाला परिषदेत कायमची जागा; नाही पटलं तर मंडळाला पुन्हा कोणी दारात उभं करणार नव्हतं.

आता तुकोजींबद्दल सांगतो आणि सांगताना आजही दांडी थरथरते. तुकोजी हे आमचे कंपाउंडर. तंजावरकडचे, वयस्कर, देवभोळे. माणसाचं पूर्ण वजन तोंडानं बोललं की त्याला दृष्ट लागते, अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून ते आधी नऊवारीचे तीन पौंड वजा करत. मग दागिन्यांचे दोन. बाई वयानं किंवा हुद्द्यानं मोठी असली की मानाचे आणखी दोन. आणि रोग्याचा जीव मोडू नये म्हणून दर महिन्याला अजून एक. पहिल्याच महिन्यात मी एकशे ऐंशी दाखवावेत आणि वहीत एकशे बहात्तर पडावेत. पुन्हा ते माझ्यासमोरच असे उभे राहत की दांडी कोणाला दिसू नये. मी किती खडखडलो. तर म्हणाले, काट्याला तेल हवंय.

परिषदेला दहा दिवस उरले होते. नऊ दवाखान्यांच्या वह्या एकत्र करायचं काम डॉक्टर विद्युलतांकडे होतं. पुण्याच्या; नवरा रेल्वेत, म्हणून मद्रासला आलेल्या. वह्या मिटून त्या गुंडोरावांना म्हणाल्या, "दोन दिवाळ्या झाल्या, पोंगल झाला, आणि एकाही बाईचं वजन एकदासुद्धा वाढलं नाही. असं गाव मी पाहिलेलं नाही."

मग त्या सरळ माझ्यावर चढल्या. तुकोजींनी एकशे बावीस सांगितले. बाईंनी मान वाकडी करून पाहिलं, तर एकशे तीस. बाकीच्या दवाखान्यांत चौकशी केली. सगळीकडे तेच. कुठे कंपाउंडर, कुठे नर्स, एके ठिकाणी तर डॉक्टर स्वतः मानाचे पौंड वजा करत होते.

शनिवारी बैठक बसली. केसरी तशीच राहिली, हे मात्र पहिल्यांदाच झालं. दोघातिघांचं मत पडलं की आकडे छान दिसतात, वाचून टाकावेत, कोण तपासायला येतंय? गुंडोराव वह्या चाळत होते. त्यांची सहा वर्षं त्या वह्यांत होती. मला त्यांची दया आली आणि त्यांचा रागही आला. एकदा तरी पडदा सारून बघायचं होतं ना.

तेवढ्यात आतून अक्का आल्या. त्या रोग्यांपैकीच एक. वहीप्रमाणे त्यांचे पंचवीस पौंड उतरले होते. त्यांनी पडदा ओढून बाजूला केला आणि सगळ्यांदेखत माझ्यावर उभ्या राहिल्या.

"तुकोजी, खरं सांग."

तुकोजींनी हात जोडले. "नोक्को अम्मा," एवढंच म्हणाले. "दिष्ट लागेल."

अक्कांनी स्वतः वजन सरकवलं आणि स्वतःच वाचलं. दोनशे चौदा. सुरुवातीला मी दाखवले होते दोनशे बारा.

"दीड वर्ष चालत्ये मी," त्या म्हणाल्या. "पंचवीस उतरले म्हणता, आणि गुडघा तसाच. मला वाटलं, मीच कुठं चुकत्ये. एक डॉक्टर मला हसला. तुम्ही मला खोटं सांगितलं." मग त्या धाकट्या भावाकडे वळल्या. "तंबी, तिकडे परिषदेत हेच वाच."

गुंडोरावांनी तेच वाचलं. आपण रोग्यांच्या वजनाला इतके लाजलो की ते मोजलंच नाही, असं अर्धा तास सांगितलं. निम्मं सभागृह उठून गेलं. उरलेल्यांपैकी चौदा जणांनी मंडळात नाव दिलं. कायमची जागा काही मिळाली नाही. ती मागणं आजही चालू आहे.

मंडळानं पहिल्यापासून मोजायला घेतलं. पडदा गेला. बैठकीला येणाऱ्यानं आधी काट्यावर चढायचं, मग खुर्चीत बसायचं, असा नियम झाला. तुकोजी अजून आहेत. दांडी बघून आकडा लिहितात आणि नंतर हळूच मीठ-मिरची ओवाळतात. ओवाळोत बापडे.

आता किलोचा नवा काटा आलाय आणि मी व्हरांड्यात आहे. लोक माझ्यावर छत्र्या टांगतात, ओल्या पिशव्या ठेवतात. कृपा करून ते थांबवा. मी अजून निवृत्त झालेलो नाही. दर शनिवारी देवळातून येताना अक्का माझ्यावरच चढतात, कारण त्यांना किलो कळत नाहीत. सहा वर्षांत त्यांचे नऊ पौंड उतरले. नऊच. पण ते मी दाखवले, तुकोजींनी लिहिले, आणि अक्का तो आकडा फाटकापाशी उभ्या राहून शेजारणीला मोठ्यानं सांगतात.