मास्तरांचं खरं वजन

विमान जेमतेम आठ माणसांचं, म्हणून चढण्याआधी वैमानिक बाईंनी प्रत्येकाला वजन विचारलं. मास्तरांनी पोट आत ओढलं आणि ठणकावून सांगितलं, "ऐंशी."

मास्तर शिंपी होते. गिऱ्हाइकाच्या पोटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा धंद्याचा नियम त्यांनी स्वतःच्या पोटालाही लावला होता. बायकोने डोळे वटारले, पण शेजारी सासूबाई उभ्या. आता माघार कशी घेणार?

मेव्हण्याचं लग्न बेटावर होतं आणि नवरदेवाचा कोट मास्तरांनीच शिवला होता. विमान वर गेल्यावर त्यांच्या मनात आलं, मागच्या सामानात कोट चुरगळला तर? पट्टा सोडून ते पुढच्या सीटवरून उठले आणि वाकत वाकत पार शेपटीपर्यंत पोचले. बॅगेला हात घालतात तोच विमानाने नाक वर केलं.

"कोण उठलं?" बाई ओरडल्या.

"मी... ऐंशी."

"काका, शेपूट जड झालंय! सावकाश पुढे या. आणि खरं वजन सांगा!"

मास्तरांनी सासूबाईंकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या पाण्याकडे. पाण्याची भीती जास्त निघाली.

"एकशे आठ!"

सीटांना धरत ते पुढे आले, तसं विमानाचं नाक हळूहळू खाली येऊन सरळ झालं. मास्तरांना दरदरून घाम फुटला होता; तरी आत कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. घरात ज्याच्या शब्दाने साधा पंखा बंद होत नाही, त्याच्या नुसत्या चालण्याने विमान हललं होतं!

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "अठ्ठावीस किलो कुठे दडवले होते?"

"कापड चांगलं असलं की झाकलं जातं, आई," मास्तर पुटपुटले. वैमानिक बाईसुद्धा हसल्या.

परतीच्या दिवशी मास्तर आपणहून सामानाच्या काट्यावर उभे राहिले. काटा एकशे अकरावर थांबला. लग्नात आग्रह फार झाला होता. बाईंनी त्यांना मधल्या सीटवर बसवलं. वाटेत त्यांचा रुमाल खाली पडला, तेव्हा वाकण्याआधी मास्तरांनी हात वर करून परवानगी मागितली.